गुळवेल: मान औषधाचा, मोकळीक भाजीची

२०२० च्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणावरची गुळवेल महिनाभरात दिसेनाशी झाली. तोवर ती तिथे आहे हे माळ्याखेरीज कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. कडुनिंबाच्या बुंध्यावरून तारेवर आणि तारेवरून पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर ती खुशाल पसरली होती आणि वर्षातून एकदा माळी तिला कोयत्याने छाटून कचऱ्यात टाकत असे. मग टाळेबंदीत कोणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा फोटो टाकला, त्याखाली ‘रोज सकाळी उपाशीपोटी’ एवढे तीनच शब्द लिहिले आणि दुसऱ्या दिवसापासून माणसे तोंडाला मास्क लावून, कात्री आणि पिशवी घेऊन कुंपणाशी येऊ लागली. किती घ्यायची, किती दिवस घ्यायची, पान घ्यायचे की खोड, कोणी घेऊ नये, यांपैकी काहीही त्या संदेशात नव्हते आणि कोणी विचारलेही नाही. मीही विचारले नाही; उलट खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आत्यासाठी दोन वीतभर कांड्या मीच तोडून आणल्या.

आत्याने तो काढा आषाढापासून दिवाळीपर्यंत नेमाने घेतला. एकदा नेम धरला की तो मोडायचा नाही, हा तिचा स्वभाव. रात्री ठेचलेली कांडी पातेल्यात भिजत पडायची, सकाळी ती उकळून अर्धी व्हायची आणि चहाच्या आधी पोटात जायची. दिवाळीच्या तोंडावर तिला जेवण नकोसे झाले, अंगाला खाज सुटली, चकलीची भाजणी करता करता ती दमून खुर्चीत बसू लागली आणि वसुबारसेच्या दिवशी तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा घरातल्यांच्या लक्षात आला. डॉक्टरांनी रीतसर विचारले, की सध्या कोणती औषधे चालू आहेत. आत्याने सांगितले, ‘थायरॉइडची गोळी तेवढी घेते, बाकी काही नाही.’ ती खोटे बोलत नव्हती. काढा तिच्या हिशेबी औषध नव्हताच. त्याची गोष्ट तिसऱ्या भेटीत निघाली, तीही दुसऱ्याच कशावरून तरी. काढा थांबला, उपचार झाले आणि संक्रांतीपर्यंत ती सावरली. काविळीचे कारण तो काढाच होता असे शिक्कामोर्तब कोणी केले नाही, त्यामुळे पुरावा म्हणून हा प्रसंग मी पुढे करणार नाही. मला त्यातले ‘बाकी काही नाही’ हे उत्तर तेवढे महत्त्वाचे वाटते.

कारण ते उत्तर एकट्या आत्याचे नाही. गुळवेलीला आपण ‘अमृता’ म्हणतो, ती ताप उतरवते, साखर आटोक्यात ठेवते, प्रतिकारशक्ती वाढवते असे छातीठोकपणे सांगतो, म्हणजे ती औषध आहे असे मानतो; पण ती तोडताना, उकळताना, विकताना आणि तिची जाहिरात करताना मात्र मेथीच्या जुडीला जेवढे नियम लागतात तेवढेच तिला लावतो. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. ज्या द्रव्यात शरीराचा कारभार बदलण्याची ताकद आहे, त्यात तो बिघडवण्याचीही थोडीफार ताकद असणारच. आणि तशी काहीच ताकद नसेल, तर एवढे कडू पाणी रोज सकाळी नाक दाबून पिण्याला अर्थ उरत नाही. माझे म्हणणे असे, की गुळवेलीवर बंदी नको आणि तिची बदनामीही नको. पण तिला औषधाचा मान द्यायचा असेल तर औषधाची शिस्तही तिला लागली पाहिजे, स्वयंपाकघरात आणि कायद्यातही.

हा विषय केवळ घरगुती गप्पांचा राहिलेला नाही. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२० च्या अखेरच्या काही महिन्यांत पाहिलेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ च्या जुलैमध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या सर्वांनी करोनाच्या भीतीने गुळवेल घेतली होती आणि सर्वांच्या यकृताला इजा झाली होती. पुढे २०२२ मध्ये देशभरातील १३ रुग्णालयांमधून एकत्र केलेल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा त्यातला मध्यक काळ ४६ दिवसांचा निघाला, म्हणजे निम्म्या रुग्णांना त्याच्या आत आणि निम्म्यांना त्यानंतर लक्षणे दिसली. हा आकडा मला फार बोलका वाटतो. शिळे खाऊन पोट बिघडले तर माणूस त्याच रात्री काल काय खाल्ले ते आठवतो. दीड महिना बिनतक्रार पचलेल्या काढ्यावर दीड महिन्यानंतर कोणी कशाला संशय घेईल? उलट थकवा आला की माणूस काढ्याचे प्रमाण वाढवतो, कारण ‘शक्ती कमी पडतेय’.

या रुग्णांपैकी अनेकांच्या तपासण्यांमध्ये एक खूण वारंवार दिसली. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच यकृतावर उलटते तेव्हा जे बदल दिसतात, तशा जातीचे ते बदल होते. असा दोष काहींच्या अंगात आधीपासून मुका बसलेला असतो. थायरॉइडचे काही विकार, संधिवाताचे काही प्रकार हे त्याचेच भाऊबंद आहेत आणि ते बायकांमध्ये अधिक आढळतात. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते हे खरे मानले, तर त्या चेतवण्याने हा मुका दोष जागा होत असावा, असे या डॉक्टरांचे अनुमान आहे. म्हणजे जो गुण सांगून ती विकली जाते, त्याच गुणाची ही दुसरी बाजू आहे. प्रतिकारशक्ती हा शब्द आपण अलीकडे पैशासारखा वापरतो, जणू ती जितकी जास्त तितकी बरी. शरीराचे तसे नसते. तिथे जास्त झालेली चौकीदारीही घर जाळते.

आता दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण ती मांडल्याशिवाय या वादात कोणीच कोणाचे ऐकत नाही. या काळात गुळवेल घेणाऱ्यांची संख्या अफाट होती आणि त्यांपैकी बहुसंख्यांना काहीही झाले नाही. ४३ हा आकडा त्या गर्दीपुढे फार लहान आहे. आयुष मंत्रालयाने मुंबईच्या नोंदींवर तातडीने आक्षेप घेतला आणि त्याचा मुख्य मुद्दा असा होता, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती याची खात्री लेखकांनी करायला हवी होती, कारण टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही खरी गुळवेल आणि तिची चुलत बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा यांत गल्लत होऊ शकते आणि ही दुसरी यकृताला घातक ठरू शकते. पुढेही मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला.

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. फक्त तो जिथे नेऊन पोहोचवतो तिथे मंत्रालय पोहोचत नाही, असे मला वाटते. खऱ्या गुळवेलीचे जून खोड हातात घ्या: वर कागदासारखी पातळ, राखाडी-तपकिरी साल असते, नखाने ओढली की ती सुटून येते आणि खाली ओली हिरवी कांती दिसते, सालीवर बारीक पुटकुळ्या असतात, आडवा छेद घेतला की बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते, म्हणूनच संस्कृतात तिला चक्रलक्षणा असे नाव आहे, आणि बोटांना जो बुळबुळीत कडवटपणा चिकटतो तो साबणानेही लगेच जात नाही. क्रिस्पाच्या खोडावर पुटकुळ्यांऐवजी ठळक, दाट गाठी असतात. पाने मात्र दोन्हींची हृदयाच्या आकाराची. वेल समोर असेल, जून खोड असेल आणि दाखवणारा जाणकार असेल, तर हा फरक कळतो. वाळवून तुकडे केलेल्या, दळून पूड केलेल्या किंवा बाटलीत रस होऊन आलेल्या मालात तो कोणाच्या डोळ्याला कळणार? मुंबईतल्या विशेषज्ञांना आणि दिल्लीतल्या मंत्रालयाला जर वनस्पती कोणती यावर वाद घालावा लागत असेल, तर आमच्या कुंपणाशी कात्री घेऊन आलेल्या माणसांनी ते ठरवावे ही अपेक्षा कशी करायची? गल्लत झाली असेल, तर औषध निर्दोष आहे एवढेच त्यातून निघत नाही. विकल्या जाणाऱ्या मालाची ओळख पटवण्याची भरवशाची व्यवस्था आपल्याकडे नाही, हेही निघते.

याच मंत्रालयाच्या आणखी एका कागदाची आठवण इथे करून द्यायला हवी. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने करोनासाठी आयुर्वेद आणि योग यांवर आधारलेली उपचारपद्धती जाहीर केली. तिच्यात प्रतिबंधासाठी गुळवेल होती; पण कशी होती? गुळवेलीची घनवटी, म्हणजे आटवलेल्या अर्काची गोळी, ५०० मिलिग्रॅम किंवा चूर्ण १ ते ३ ग्रॅम, दिवसातून दोनदा, कोमट पाण्यासोबत, पंधरा दिवस किंवा एक महिना. माप होते, अनुपान म्हणजे कशासोबत घ्यायचे तेही होते, मुदतही होती. कागद लिहिणाऱ्या वैद्यांनी आपले काम चोख केले होते. तो कागद लोकांपर्यंत येईतो त्यातली गुळवेल तेवढी उरली, बाकी सगळे गळून पडले, आणि पंधरा दिवसांचे ‘रोज’ झाले. मुदत पाळली असती तर एकालाही त्रास झाला नसता असा दावा मी करणार नाही, कारण या प्रकारची इजा केवळ मात्रेवर अवलंबून नसते. तरीही एक महिन्याचे औषध पाच महिने घेणे आणि ते औषध नव्हेच असे समजणे, या दोन्हींची जबाबदारी कोणावर तरी येतेच.

‘आमच्या आजीच्या काळापासून घेतात, कधी कोणाला काही झाले नाही’ हे यावरचे ठरलेले उत्तर. आजीच्या काळापासून खरोखर काय घेत होते, ते जरा बारकाईने पाहावे. बाळगुटीचेच पाहा. सहाणेवर आईच्या दुधात मुरडशेंग, हळकुंड, वेखंड, अतिविष, जायफळ, ज्येष्ठमध उगाळायची आणि प्रत्येकाचे वेढे मोजायचे. कशाचा एक, कशाचे दोन, बाळ अमुक महिन्यांचे झाले की तीन. वेखंडाचा आणि जायफळाचा वेढा वाढला तर म्हातारी बाई सुनेच्या हातावर चापटी मारायची. (पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नये, असे आज बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि मला ते पटते, इथे मुद्दा मोजण्याचा आहे.) कडुनिंबाचेही तसेच. पाडव्याला गूळ, हिंग, जिरे, ओवा घालून त्याची गोळी प्रत्येकाच्या हातावर ठेवतात, लहान पोरांना तोंड वेडेवाकडे करायला लावतात, आणि मग वर्षभर त्याचे नावही काढत नाहीत. परंपरेत ‘रोज’ ह्या शब्दाला फारसे स्थान नव्हते. तिथे तिथी होती, ऋतू होता, आजार होता आणि तो सरला की औषधही सरत होते.

ग्रंथांकडे वळले तरी हाच हिशेब दिसतो. चरकसंहितेत बुद्धिवर्धक रसायने सांगणारा एक सुपरिचित श्लोक आहे. त्यात चार वनस्पती आहेत आणि चौघींचे चार निरनिराळे विधी: मंडूकपर्णीचा स्वरस, ज्येष्ठमधाचे चूर्ण दुधाबरोबर, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला गोळा. ‘या चार आरोग्याला चांगल्या आहेत, कशाही घ्या’ असे चरक म्हणत नाही. त्याच ग्रंथाच्या विमानस्थान नावाच्या विभागात तर पिंपळी, क्षार आणि मीठ ही तीन द्रव्ये अति वापरू नयेत असे स्पष्ट बजावले आहे. ही पिंपळी कोणी वाईट द्रव्य नव्हे. तिचेच वर्धमान रसायन चरकाने अन्यत्र सांगितले आहे, ज्यात पिंपळ्या मोजून दिवसागणिक वाढवायच्या आणि मोजूनच उतरवायच्या. एकाच द्रव्याला मान देणारा आणि त्याच्याच अतिरेकाबद्दल धाक घालणारा हा ग्रंथकार ज्यांना पूज्य वाटतो, त्यांनी गुळवेलीच्या रसाची लिटरची बाटली ‘फॅमिली पॅक’ म्हणून विकावी याचे मला नवल वाटते. आयुर्वेदाची बाजू घेतल्याच्या आवेशात आपण आयुर्वेदातला वैद्य काढून टाकला आहे आणि दुकानदार ठेवला आहे.

गुळवेलीचे आधुनिक संशोधन परदेशी मंडळींनी केले असाही एक गैरसमज आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत या वेलीवर बरेच काम केले. मराठी वाचक त्यांना ललित लेखिका म्हणूनही ओळखतो. पित्तमार्ग अडल्यामुळे कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधी गुळवेल दिल्यास जंतुसंसर्गाशी झुंजायला मदत होते का, हा त्या कामातला एक प्रश्न होता आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष उत्साह वाढवणारे होते. ज्या शहरात काविळीच्या रुग्णांना गुळवेलीने आधार मिळतो का हे तपासले गेले, त्याच शहरात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी गुळवेल घेणाऱ्यांना कावीळ झाल्याची नोंद झाली. यात विसंगती वाटत असेल तर ती वरवरची आहे. तिथे रुग्ण निवडलेला होता, मात्रा वजनावर मोजलेली होती, रक्ताच्या तपासण्या ठरलेल्या होत्या आणि कोणीतरी रोज खाटेपाशी येऊन विचारत होते. वेलीला औषध मानण्याचा खरा अर्थ तो आहे.

कायद्याकडे पाहिले तर या मोकळिकीचे मूळ सापडते. आयुर्वेदिक औषधे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात आणि परवाने राज्याकडून मिळतात. परंपरेने विषारी ठरलेल्या द्रव्यांची त्या नियमांमध्ये एक यादी आहे. बचनाग, कुचला, धोतरा, बिब्बा अशी मंडळी तिच्यात आहेत आणि ती असलेल्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापावा लागतो. गुळवेल त्या यादीत नाही आणि असावी असेही मी म्हणत नाही. परंतु विषारी यादी आणि संपूर्ण मोकळीक या दोहोंच्या मध्ये तिसरी पायरीच नाही, ही अडचण आहे. ‘बहुतेकांना चालते, काहींना मुळीच चालत नाही आणि सलग फार दिवस घेऊ नये’ अशा द्रव्यांचा वेगळा वर्ग का नसावा? शिवाय हीच वेल पोषणपूरक म्हणून अन्नसुरक्षा कायद्याखालीही बाजारात येते आणि अशा मालावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे बारीक अक्षरात लिहिणे बंधनकारक आहे. बाटलीच्या दर्शनी बाजूवर वेलीचे हिरवेगार चित्र आणि आरोग्याचे आश्वासन, पाठीमागे हे वाक्य. औषधाचा मान आणि भाजीची मोकळीक एकाच बाटलीवर पाहायची असेल तर ती इथे दिसते.

जाहिरातींचे तर विचारूच नका. आयुर्वेदिक औषधांची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची संमती घ्यावी, असा नियम २०१८ मध्ये आला. २०२४ च्या जुलैमध्ये मंत्रालयाने तो वगळण्याची अधिसूचना काढली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एक नियम आणावा, मग राज्यांना तो वापरू नका म्हणून कळवावे, मग काढून टाकावा, या प्रवासातून सरकारला नेमके काय हवे आहे ते कोणाला उमगले असेल तर मला सांगावे. माझ्या मागण्या याहून साध्या आहेत. गुळवेलीच्या प्रत्येक बाटलीवर आणि डबीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, अर्क असेल तर तो किती वनस्पतीपासून काढला ते, दिवसाची कमाल मात्रा आणि सलग घेण्याची मुदत मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात असावी. कोणी घेऊ नये हे लिहावे. कच्चा माल ओळखून घेतल्याचा दाखला कारखान्यात असावा. आणि त्रास झाल्यास कळवायचा दूरध्वनी क्रमांक असावा. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा कागदोपत्री अस्तित्वात आहे, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत तिचे केंद्रही आहे. पण आत्याच्या आजारपणात आम्हाला भेटलेल्या एकाही माणसाने, डॉक्टर, वैद्य किंवा औषधविक्रेता, तिचे नाव काढले नाही.

‘हे सगळे गुळवेलीलाच का? पॅरासिटामॉलनेही यकृत खराब होते’ असा प्रतिवाद मला हमखास ऐकावा लागतो. होते, अगदी बरोबर. आणि म्हणूनच पॅरासिटामॉलच्या पट्टीवर जास्त मात्रा यकृताला घातक ठरू शकते असे छापलेले असते. ती ओळ छापल्यामुळे त्या गोळीची अप्रतिष्ठा झाली नाही, खपही कमी झाला नाही, आणि तिच्याविरुद्ध कोणी कट रचतो आहे असेही कोणी म्हणाले नाही. गुळवेलीवर तशीच ओळ छापली तर परंपरेचा अपमान होतो असे ज्यांना वाटते, त्यांचा गुळवेलीवरचा विश्वास माझ्यापेक्षा कच्चा आहे, असे मी नम्रपणे म्हणेन.

दुसरा प्रतिवाद अधिक जड आहे, तो पोटापाण्याचा. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी आदिवासींच्या वनोपजासाठी असलेल्या सरकारी वन धन योजनेच्या आधाराने गुळवेल गोळा करून, वाळवून मोठ्या औषध कंपन्यांना पुरवण्याचा उद्योग उभा केला आणि टाळेबंदीच्या दिवसांत, वीटभट्ट्या आणि मजुरी बंद असताना, त्याने अनेक घरे सावरली. इशाऱ्यांनी मागणी घटली तर पहिला फटका त्यांना बसेल, ही भीती खोटी नाही. पण या साखळीत वेल हातात घेऊन, साल खरवडून, ती खरी की खोटी हे सांगू शकणारा माणूस कोण आहे? तो हाच कातकरी आहे. तिथून पुढे माल जसजसा व्यापाऱ्याकडे, कारखान्याकडे, वितरकाकडे सरकतो तसतशी ही जाण पातळ होत जाते आणि नफा जाड होत जातो. ओळखीचा दाखला सक्तीचा झाला तर या जाणकारीला पहिल्यांदाच किंमत येईल. आज त्याच्या पोत्याला आणि कुठल्याही वाटेने आलेल्या भेसळीच्या पोत्याला बाजारात एकच भाव मिळू शकतो.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर घरात काय करायचे ते थोडक्यात सांगतो. ज्यांना थायरॉइडचा, संधिवाताचा किंवा अंगाची संरक्षणव्यवस्था अंगावरच उलटण्याचा कोणताही विकार आहे, ज्यांच्या यकृतात आधीच दोष आहे, ज्यांचा अवयव बदललेला आहे किंवा ज्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत, त्यांनी गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये, कारण साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टाळावी. इतरांनी घ्यायचीच असेल तर जाणकार वैद्याला विचारून, कारण असेल तेव्हा, मोजून आणि थोडे दिवस घ्यावी; भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम दिली आहे आणि स्वयंपाकघरातला चमचा हे ग्रॅमचे माप नव्हे. काढा, घनवटी, सत्त्व आणि बाटलीतला रस ही चार वेगवेगळी औषधे आहेत. सकाळी एक आणि रात्री दुसरे घेऊन ‘दोन्ही गुळवेलच’ म्हणू नये. भूक मेली, लघवी गडद झाली, अंग खाजू लागले किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी थांबवावी आणि यकृताची रक्ततपासणी करावी. काविळीवर पुन्हा गावठी औषध शोधत फिरू नये.

आणि डॉक्टरांकडे जाताना बाटली, डबी, उरलेली पूड, काढ्याची कांडीसुद्धा पिशवीत घालून सोबत न्यावी. आम्ही ते केले नाही. आत्या आजारी पडल्यावर घाबरून आम्ही पातेले घासून ठेवले, सुकलेल्या कांड्या ओल्या कचऱ्यात गेल्या आणि पुढे डॉक्टरांनी विचारले, की वनस्पती कोणती होती, नमुना आहे का, तेव्हा माझ्याकडे दाखवायला फोनमधला तो एक फोटो होता, ज्यात हृदयाच्या आकाराची पाने तेवढी दिसत होती, खोड नव्हते.